थोरल्याची सोयरीक

२००५ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. हे शाळेच्या दाखल्यावरचं वय, मास्तरांनी अंदाजानं टाकलेलं. आई सांगायची, तू त्याच्या आधीच्या सुगीतला. शाळा मी चौथीत सोडली, त्यामुळं दाखल्याला मी कधी किंमत दिली नाही आणि दाखल्यानंही मला दिली नाही.

पोटासाठी मी बैलबाजारात दलाली केली. विकणारा एका अंगाला, घेणारा दुसऱ्या अंगाला, मधे मी. बाजारात कागद नसतो. कासरा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेला की सौदा झाला. मग आभाळ खाली आलं तरी मोडायचा नाही. दुसऱ्या दिवशी रडत आलेल्या माणसालाही मी हेच सांगितलेलं आहे. चार तालुक्यांत माझं नाव होतं ते एवढ्या एका गोष्टीवर. फार शिकलेल्या माणसांचंही तेवढं नसतं.

दुसरी गोष्ट टोपी. पांढरी, रोज धुतलेली. झोपताना सोडली तर ती माझ्या डोक्यावरून उतरत नसे. मुलगा मला अमेरिकेत घेऊन आला तेव्हा विमानतळावरच्या पोरानं टोपी काढा म्हणून खूण केली. मी बूट काढले, घड्याळ काढलं, टोपी काढली नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, दोन मिनिटांचं काम आहे, यार." घाईत तो बापालाही यार म्हणतो. मी म्हटलं, डोकं उडवायलाही दोन मिनिटंच लागतात. मागं रांग थांबली. शेवटी त्यांचा वरचा माणूस आला, त्यानं टोपी वरूनच चाचपली आणि आम्हांला सोडलं.

टोपीचं एवढं सांगतो ते कारणानं. आमच्याकडं टोपी दुसऱ्याच्या पायावर ठेवणं हे शेवटचं मागणं असतं. त्याच्यापुढं माणसापाशी ठेवायला काही उरत नाही. माझ्या मुलीच्या लग्नात व्याही मानपानावरून रुसून उठले तेव्हा मेव्हणा कानाशी लागला, "दाजी, टोपी ठेवा पायावर, मिटून जाईल." मी ठेवली नाही. व्याही मांडवाच्या दारापर्यंत गेले आणि आपले आपण परत आले.

बायको गेल्यावर गावचं घर बंद करून मी मुलाकडं टेक्सासातल्या अर्विंगला राहायला आलो. मुलगा आणि सून दोघंही सकाळी गाड्या काढून जात ती अंधार पडता पडता येत. नातू शाळेत. मी काही विचारलं की तो इंग्रजीत उत्तर द्यायचा आणि मी मान हलवायचो. दिवसभर फ्रीजची घरघर ऐकत बसायचं. खालच्या मजल्यावर नागपूरची एक मुलगी राहायची, इथल्या दवाखान्यात नर्स होती. तिच्या गाडीत पुढं काचेजवळ बुद्धाची बोटाएवढी मूर्ती होती. ती एकदा जिन्यात भेटली. म्हणाली, "काका, दिवसभर घरात काय करून राहिले? शनिवारी चला माझ्यासंग." कुठं, ते मी विचारलं नाही. निघालो.

दोन तास पूर्वेला गेलं की सपाट टेक्सास संपतो आणि देवदारासारखी उंच झाडं लागतात. माती लाल. तिथं एका लहान गावाबाहेर कोंबड्या कापायचा मोठा कारखाना होता आणि त्याच्या मागच्या माळावर चाकांवरच्या घरांची वस्ती. त्या घरांतून सुदानहून आलेली माणसं राहात होती. काही कुटुंबं होती, पण जास्त करून वीस-पंचविशीतली एकटी पोरं. लढाईत त्यांची गावं जळाली तेव्हा ही रानात गुरांमागं होती, म्हणून वाचली. मग चालत चालत परमुलखातल्या छावणीत गेली, तिथंच वाढली, आणि तिथून अमेरिकेनं त्यांना आणलं. नर्स आणि तिच्या ओळखीची दोन-तीन माणसं शनिवारी जाऊन त्यांना इंग्रजी लिहायला शिकवत, बँकेचं, दवाखान्याचं समजावून देत. मला त्यातलं काय येणार? एका घराबाहेर त्यांनी मला घडीची खुर्ची मांडून दिली. मी बसलो.

दुपार झाली होती. त्या घरात चार पोरं राहात होती. मी दारातून आत बघितलं तर दोन अजून अंथरुणात, बेसिनमधे भांड्यांचा ढीग, बिअरचे डबे खाली लवंडलेले. माझं डोकं फिरलं. मी दारात उभा राहून मराठीत सुरू झालो. सूर्य डोक्यावर आला, लाजा वाटत नाहीत का, आईबाप असते तर काय म्हणाले असते, उचला ते डबे. पोरं ताडकन उठून उभी राहिली. एकेक पोरगा दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच. त्यांतला वयानं मोठा, ज्याला मी पुढं थोरला म्हणू लागलो, नर्सपाशी जाऊन काहीतरी बोलला. मला वाटलं तक्रार करतोय.

"काय म्हणतोय तो?"

"काका, तो म्हणून राहिला की या बाबांना सांगा, आम्हांला रागवायला कुणी उरलंच नव्हतं."

मी परत खुर्चीवर जाऊन बसलो. आतून भांडी घासल्याचा आवाज येत राहिला.

त्यानंतर माझा शनिवार ठरून गेला. बाकीचे लोक इंग्रजी शिकवायचे, मी रागवायचो. हप्त्यावर गाडी घेतली म्हणून एकाला, दाताला कीड लागली तरी दवाखान्यात जात नाही म्हणून दुसऱ्याला. कारखान्यात गार खोलीत सुरी धरून त्यांची बोटं सुजायची, तर त्यांना तेल कोमट करून चोळायला शिकवलं. सगळ्यांत लहान त्याला मी धाकटा म्हणायचो. तो माझी नक्कल करायचा, हात मागं बांधून, मान वाकडी करून, "काय रे, काय रे" म्हणत. तेवढी दोन अक्षरं त्याला पक्की आली होती. मीही त्यांच्या उंचीवरून त्यांना टोचायचो. म्हणायचो, तुम्हांला बघायला गेलेल्या सासूची मान मोडेल. मराठीतलं रागवणं त्यांना सगळं कळायचं, सांगावं लागायचं नाही. इतर बोलण्यात मात्र नर्स मधे लागायची.

थोरला माझ्याशी खरा जोडला गेला तो गुरांमुळं. वस्तीच्या पलीकडं तारेचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडं एका गोऱ्या शेतकऱ्याची गुरं चरायची. ती तिथली लांब शिंगांची जात. दोन्ही बाजूंना पसरलेली, टोकाला वर वळलेली शिंगं. मी पहिल्यांदा बघितलं आणि तारेला हात लावून उभाच राहिलो. थोरला येऊन बाजूला उभा राहिला. त्यांच्यात प्रत्येक पोराला वडील एक बैल देतात. त्या बैलाच्या रंगावरून पोराला हाक मारायची. पोरानं त्याच्यावर गाणं रचायचं. याचा बैल पांढरा, मानेपर्यंत काळा. आमच्याकडं असा बैल बाजारात आला असता तर मी त्याला शेवटपर्यंत राखून ठेवला असता. थोरला तारेवर हात टेकून ते गाणं म्हणायचा. समोरचं एखादं जनावर मान वर करून कान टवकारायचं. मला शब्द कळत नव्हते. कळायची गरजही नव्हती. आमचे गडीसुद्धा मोटेवर बैलांशी असंच बोलत.

पुढच्या उन्हाळ्यात थोरला एक शनिवार बोलेचना. धाकट्यानं हसत हसत फोडलं. वस्तीत एक मुलगी होती, चुलत्याच्या घरी राहणारी. दिवसा गावातल्या दुकानात काम करायची आणि संध्याकाळी कॉलेजला जायची. छावणीत लहानपणी ही दोघं एकाच झाडाखाली शिकलेली. तिचंही मन होतं. मी म्हटलं, मग अडलं कुठं? मागणी घाला.

अडलं होतं ते असं. त्यांच्यात मुलगा स्वतः मागणी घालत नाही. तो तर बैठकीच्या खोलीतही येत नाही. त्याच्या बाजूनं म्हातारं माणूस जातं, बसतं, आपले बाप-आजे सांगतं, गुरांचं बोलतं. थोरल्याच्या बाजूचं म्हातारं माणूस जगात उरलं नव्हतं. चुलत्यानं एवढंच कळवलं होतं की त्याच्याकडून बोलायला कुणी आलं तर मी बसेन, पोराटोरांशी बोलणार नाही.

थोरला माझ्याकडं बघत नव्हता. लाल मातीत बोटानं रेघा ओढत होता. मी नर्सला म्हटलं, "सांग त्याला, मी जातो."

"काका, समजून घ्या न. हे त्यांच्या घरचं आहे. तुम्ही कोण लागता?"

"आयुष्यभर दुसऱ्याच्या बैलांसाठी बसलो, तेव्हा त्यांचा कोण लागत होतो?" मी म्हटलं.

तेव्हापासून आमची उजळणी सुरू झाली. नुसते माझे बाप-आजे सांगून भागणार नव्हतं, थोरल्याचेही सांगायला हवे होते. त्याला ते पाठ होते, बापाचा बाप, त्याचा बाप, असे लांबपर्यंत. घरदार, आई, भावंडं सगळं गेलं, पण नावांची ही माळ त्यानं धरून ठेवली होती. त्या नावांना माझी जीभ वळेना. सून विचारायची, "बाबा, आंघोळीत काय पुटपुटता?" मी सांगत नव्हतो. शनिवारी थोरला मला कुंपणापाशी घेऊन जायचा, मी म्हणायचो, चुकलो की तो डोळे मिटून मान हलवायचा आणि पुन्हा पहिल्या नावापासून. मधूनच धरायचं नाही, सलग म्हणायचं असा त्याचा हट्ट. एका शनिवारी सगळी माळ न अडखळता शेवटाला गेली. थोरला वळून दुसरीकडं बघत राहिला.

बैठक रविवारी ठरली, त्यांची प्रार्थना झाल्यावर. मी धोतर नेसलो, कोट घातला, टोपीला सुनेकडून कडक इस्त्री करून घेतली. अर्विंगच्या देशी दुकानातून नारळ आणि पेढे घेतले. नर्सनं त्या दिवशी साडी नेसली होती. म्हणाली, मुलाकडची आहे न मी. गाडीत आम्ही दोघं वरातीला निघाल्यासारखे खुशीत होतो.

चुलता माझ्याच वयाचा असेल, काठीसारखा ताठ, कपाळावर त्यांच्या जातीच्या आडव्या खुणा. तोही कारखान्यात कामाला होता, पण त्या दिवशी खुर्चीत असा बसला होता की कारखाना त्याचाच वाटावा. बाकी चार-पाच पुरुष भिंतीला टेकून. थोरला बाहेर, कुंपणाकडं गेलेला. मी मराठीत बोलायचो, नर्स त्याचं इंग्रजी करायची, धाकटा इंग्रजीचं त्यांच्या भाषेत करायचा, आणि चुलत्याचं उत्तर त्याच वाटेनं माझ्यापर्यंत यायचं. पण म्हातारी माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघूनच निम्मं समजतात.

त्यानं विचारलं, तुम्ही कुणाचे? मी बाप, आजा, पणजा, खापरपणजा सांगितले. तो थांबून राहिला. मग मी थोरल्याची माळ धरली. पहिलं नाव घेतलं आणि भिंतीचे लोक ताठ झाले. मी डोळे मिटून घेतले. शेवटच्या नावापर्यंत थांबलो नाही. डोळे उघडले तेव्हा चुलता पुढं झुकला होता. त्यानं मांडीवर हात आपटला आणि काहीतरी म्हणाला. धाकट्याचा आवाज चिरकला. नर्सनं सांगितलं, "काका, ते म्हणतात की ही नावं या मुलखात मी पहिल्यांदा ऐकली."

मग गुरांचं निघालं. तासभर आम्ही दुसरं काही बोललो नाही. रंग, वशिंड, चाल, शिंगाला वळण कसं देतात, दुष्काळात आधी कुठलं जनावर विकायचं. खिल्लाराच्या शिंगांचं मी भरभरून सांगितलं, तर नर्सनं ते दोन शब्दांत उरकलं. मी म्हटलं, एवढंच? ती वैतागली. "काका, माझ्या अख्ख्या जिंदगीत मी एवढी शिंगं बोलली नाही." चुलत्यानं विचारलं ती काय म्हणाली, ते त्याला सांगितलं, आणि तो तोंड वर करून हसला. भिंतीचे लोकही हसले. मुलगी आतून चहा घेऊन आली. तिनं कुणाकडं बघितलं नाही. मला वाटलं, लाजली. मला वाटलं, जमलं. बाजारात असंच असतं. दोघं हसले की कासरा हातात येतो.

चहा झाल्यावर चुलता सावकाश बोलू लागला. धाकटा ऐकत राहिला आणि त्याचं तोंड उतरलं. त्यानं नर्सला सांगितलं ते खाली बघून.

मुलीचं ठरलं होतं. दुसऱ्या राज्यात त्यांच्याच माणसांतला एक जण होता, वयानं मोठा. त्याचे भाऊ मायदेशी होते, त्यांच्यापाशी गुरं होती. पावसाळ्याआधी त्या भावांनी तिकडं मुलीच्या आईच्या दारी गायी नेऊन पोहोचवल्या. गायी दावणीला लागल्या. हे इथं फोनवरून कळलं ते याच आठवड्यात. बसेन असा दिलेला शब्द त्याच्या आधीचा, म्हणून तो बसला होता. म्हाताऱ्या माणसाला दारातून परत पाठवणं त्याला बरं वाटलं नाही.

"त्यांना सांग," मी नर्सला म्हटलं. सांगायचं काय? गायी दावणीला लागल्या. कासरा हातातून हातात गेला. तिथं मी असतो आणि कुणी येऊन सौदा मोडा म्हणाला असता तर मीच त्याला उभं केलं नसतं. सगळ्या जन्मात एक कायदा पाळला, त्याचा ताठा मिरवला, आणि तोच आज त्या खुर्चीत माझ्यासमोर बसला होता.

खिडकीतून कुंपण दिसत होतं. थोरला तारेला पाठ टेकून या घराकडं तोंड करून उभा होता.

मी उठलो. टोपी काढली. खाली बसायला गुडघे कुरकुरले. टोपी चुलत्याच्या पायांवर ठेवली आणि हात जोडले.

चुलत्यानं वाकून टोपी उचलली. उलटसुलट बघितली, कडक इस्त्रीवर बोट फिरवलं. त्याचं तोंड फुललं. त्यानं ती आपल्या डोक्यावर घातली, दोन्ही हातांनी नीट बसवली आणि भिंतीच्या माणसांकडं वळून दाखवली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, एवढी छान बैठक झाली म्हणून मी डोक्यावरची वस्तू भेट दिली.

मी खाली तसाच होतो. नर्सनं मला दंडाला धरून उठवलं. तिचे डोळे भरले होते. "काका, मी सांगू का त्यांना, हे काय असतं ते?"

नको, असं तोंडापर्यंत आलं. मागणं समजावून सांगायचं म्हणजे दुसऱ्यांदा वाकायचं. मी तसा वाकणाऱ्यातला नाही. पण खिडकीतून कुंपण दिसत होतं. मी म्हटलं, "सांग."

तिनं सांगितलं. धाकट्यानं सांगितलं. चुलत्याचा हात हळूहळू डोक्याकडं गेला. त्यानं टोपी काढून मांडीवर घेतली आणि तिच्याकडं बघत बसला. मग तो थेट माझ्याकडं बघून बोलला, धाकट्यासाठी न थांबता. त्याचा अर्थ मला नेहमीच्या वाटेनं थोडा मागून पोचला, तरी ते मी त्याच्याच तोंडून ऐकलं असं मी धरतो.

"ही मी परत दिली तर तुमचं मागणं तुमच्या तोंडावर फेकल्यासारखं होईल. ठेवून घेतली तर मी मान्य केलं असं होईल. मला दोन्ही करता येत नाही. मी काय करू ते तुम्ही सांगा."

असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी त्याच्याकडं बघितलं. तो अडलेला होता, खराखुरा. त्याच्या भावाची बायको तिकडं होती, गुरं तिच्या दारात होती, आणि पुढ्यात हा परका म्हातारा उघड्या डोक्यानं.

"ठेवा," मी म्हटलं. "भेट म्हणून ठेवा."

हे कुणाला त्याच्या भाषेत करून सांगावं लागलं नाही. त्यानं मान खाली घातली. उठून कोपऱ्यातली काठी आणली, काळ्या लाकडाची, मुठीशी पितळेची तार गुंडाळलेली. ती त्यानं दोन्ही हातांनी मला दिली. त्यांच्यात भेटीला भेट द्यावी लागते. नारळ टेबलावर तसाच राहिला.

बाहेर पायरीशी मुलगी उभी होती. नर्सनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मुलगी माझ्याकडं बघून इंग्रजीत बोलली, हळू, मला कळावं म्हणून शब्द सुटे करून. तरी मी नर्सकडं बघितलं.

"ती म्हणते," नर्स म्हणाली, "माझी आई आणि लहान भाऊ आता त्याच गायींचं दूध पितात, बाबा."

मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार? मुलगी मलाही आहे.

कुंपण लांब नव्हतं, पण चालवेना. नवी काठी टेकत गेलो. थोरल्यानं मला येताना बघितलं. त्यानं माझं डोकं उघडं कधी बघितलं नव्हतं. वर केस नाहीत, उन्हाची सवय नाही, पांढरं फटक. तो डोक्याकडं बघत राहिला, मग काठीकडं, आणि त्याला सगळं समजलं. मी तोंड उघडायच्या आधी त्याचे खांदे खाली आले.

त्यानं नर्सला एकच विचारलं. तिच्याकडून मला कळायच्या आधीच मी ओळखलं होतं.

"नावं घेतली का, म्हणतो."

"घेतली," मी म्हटलं. "सगळी."

"सलग?"

"सलग. मधे कुठं थांबलो नाही."

तो तारेकडं वळला. गुरं त्या दिवशी लांब, तळ्याच्या काठाला होती. मला वाटलं, गाणं म्हणेल. म्हटलं नाही. मी त्याच्या शेजारी तारेला धरून उभा राहिलो. त्याच्या खांद्यापर्यंत माझा हात पोचत नाही, म्हणून कोपरावर ठेवला. धाकटा आला आणि मागं उभा राहिला. नक्कल केली नाही. नर्सनं दोनदा हाक मारली, दोन तासांची वाट आहे काका, तेव्हा मी निघालो.

वाटेत ती रडली. आम्ही गेलो नसतो तर बरं झालं असतं, म्हणाली. मी म्हटलं, जायला पाहिजेच होतं. मी अजूनही हेच म्हणतो. बोलणी फिसकटतात, माणसाची बैठक व्हायला पाहिजे. पण हे मी तिला मोठ्या आवाजात म्हटलं, आणि तो आवाज मलाच खरा वाटला नाही. देवदार संपले, सपाट मुलूख आला, डॅलसच्या उंच इमारती दिसायला लागल्या. मांडीवर काठी आडवी होती. डोक्याला गाडीतला गार वारा लागत होता.

घरी मुलानं दारातच विचारलं, "बाबा, टोपी कुठंय?"

"दिली."

"दिली? कुणाला दिली?"

"मागणाऱ्याला दिली," मी म्हटलं, आणि खोलीत गेलो. ते खोटं होतं. मागणारा मी होतो.

सकाळी दोघंही कामाला गेल्यावर मी स्वयंपाकघरात आलो. पेटीत धुतलेल्या आणखी टोप्या होत्या, काढल्या नाहीत. सुनेनं पोरांच्या घराचा फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहून फ्रीजवर चिकटवलेला होता. अमेरिकेत मी स्वतः कधी फोन लावला नव्हता, दर वेळी कुणीतरी लावून हातात द्यायचं. आकडे एकेक बघून दाबले. दोनदा चुकलं, कुणी बाई काहीतरी सांगत राहिली. तिसऱ्यांदा धाकट्यानं उचलला. मी म्हटलं, "थोरला?" तो माझा हा शब्द ओळखतो. म्हणाला, "स्लीपिंग, बाबा. नो वर्क टुडे, ही सेज." एवढं इंग्रजी मला येतं. मी म्हटलं, "गिव्ह."

खुडबुड झाली. मग श्वास ऐकू आला. मी सुरू झालो. मराठीत, मोठ्यानं, दारात उभा राहून बोललो होतो तसाच. सूर्य कुठं आलाय बघ. ऊठ. तोंड धू. काल जेवला नसशील, काहीतरी पोटात घाल. बोटांना तेल लाव. कामावर जा. बाप नाही का तुला? माझा आवाज मधेच फुटला, तरी थांबलो नाही.

शेवटी तो म्हणाला, "येस, बाबा."

फोन त्यानं ठेवला नाही, कुठंतरी टेबलावर टाकला असावा. नळ सुटलेला ऐकू आला. मग भांडं वाजलं. पावलं इकडून तिकडं गेली. मी उभाच होतो, फोन कानाला दाबून. दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा ठेवला.